वुडी गथ्री: स्वतःच्या आजाराचं नाव कळलं आणि आईच्या ‘वेडेपणा’चा उलगडा झाला

गोष्ट 1927 सालची. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात ओकीमा नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या नोरा गथ्री यांना त्या वर्षी नॉर्मन शहरातल्या मनोरुग्णालयात दाखल करण्यात आलं. त्यांचे हातपाय आपोआप हलायचे, चालताना तोल जायचा, मध्येच राग अनावर व्हायचा. गावाने आपला निकाल केव्हाच देऊन टाकला होता: बाई वेडी आहे.

कुजबुज तेवढ्यावर थांबत नव्हती. 1919 मध्ये त्यांची मोठी मुलगी क्लारा भाजून गेली होती. 1927 मध्ये त्यांचे पतीही गंभीर भाजले. दोन्ही वेळा लोकांनी बोट दाखवलं ते नोरा यांच्याकडेच. 1930 मध्ये त्याच मनोरुग्णालयात त्यांचं निधन झालं.

त्यांना मनोरुग्णालयात नेलं तेव्हा त्यांचा मुलगा वुडी जेमतेम 14 वर्षांचा होता. पुढे हाच मुलगा अमेरिकेचा गाजलेला लोकगायक झाला. ‘धिस लँड इज युअर लँड’ हे 1940 मध्ये लिहिलेलं त्यांचं गाणं आजही तिथल्या शाळांमध्ये गायलं जातं.

पण 1940 चं दशक संपता संपता वुडी गथ्री यांचंही वागणं बदलू लागलं. शरीरावरचा ताबा सुटायला लागला, राग वाढला. कुणी म्हणालं दारूचा परिणाम, कुणी म्हणालं स्किझोफ्रेनिया. अखेर 1952 मध्ये, वयाच्या चाळिशीत, न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात डॉक्टरांनी आजाराचं खरं नाव सांगितलं: हंटिंग्टन्स कोरिया, म्हणजे आज ज्याला हंटिंग्टन्स डिसीज म्हणतात तो आजार.

हा आजार आईवडिलांकडून मुलांकडे येतो. त्यामुळे मुलाच्या निदानाबरोबर 22 वर्षांपूर्वी गेलेल्या आईच्या आजाराचाही अर्थ लागला. नोरा गथ्री ‘वेड्या’ नव्हत्या. त्यांच्या मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत होत्या.

स्वतःच्या आजाराचं निदान झाल्यावर अनेकांच्या मनात हाच प्रश्न येतो: ‘मग आईलाही हेच होतं का? बाबांचं निदान चुकलं होतं का?’ याचं उत्तर शोधता येतं का, कोणत्या आजारात येतं, आणि ते शोधून आता उपयोग काय? समजून घेऊ.

हंटिंग्टन्स डिसीज म्हणजे काय?

1872 मध्ये जॉर्ज हंटिंग्टन या 22 वर्षांच्या अमेरिकन डॉक्टरने या आजाराचं नेमकं वर्णन प्रसिद्ध केलं. लहानपणी वडिलांबरोबर घोडागाडीतून जाताना त्याने रस्त्यात दोन स्त्रिया पाहिल्या होत्या. दोघींचं अंग सारखं वळत, हलत होतं. त्या दोघी आई आणि मुलगी होत्या.

जॉर्जचे वडील आणि आजोबाही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर डॉक्टर होते. एकाच भागातल्या घराण्यांवर तीन पिढ्या उपचार केल्यामुळे या डॉक्टरांकडे आजोबा, मुलगा आणि नातू अशा तिघांच्याही नोंदी होत्या. त्या शेजारी शेजारी ठेवल्यावर आजार घराण्यातून कसा उतरतो ते दिसलं. एकेका रुग्णाकडे सुटं पाहून ते दिसलं नसतं.

आजाराचं मूळ 1993 मध्ये सापडलं. चौथ्या गुणसूत्रावर एचटीटी नावाचं जनुक आहे. त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. बहुतेक लोकांमध्ये ती 26 किंवा त्याहून कमी वेळा येतात. 40 किंवा त्याहून जास्त वेळा आली, तर पुरेसं आयुष्य मिळालेल्या व्यक्तीला हा आजार होतोच. 36 ते 39 या टप्प्यात होऊ शकतो किंवा टळूही शकतो.

आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता 50 टक्के असते. पहिल्या मुलाला मिळाला म्हणून दुसरं सुटलं असं नसतं. प्रत्येक वेळी नाणेफेक नव्याने होते.

लक्षणं बहुतेकदा तिशी ते पन्नाशीदरम्यान दिसू लागतात. तोपर्यंत लग्न झालेलं असतं, मुलं झालेली असतात. अंगाच्या अनैच्छिक हालचाली सगळ्यांना दिसतात, पण अनेकांमध्ये त्याआधीच चिडचिड, नैराश्य, संशयी स्वभाव, निर्णय घेताना होणारा गोंधळ सुरू झालेला असतो. म्हणूनच या रुग्णांना दारुडा, भांडखोर, वेडा अशी लेबलं लागतात. आपल्याकडे अशी लक्षणं ‘अंगात आलं’, ‘बाहेरची बाधा’ या खात्यात जमा होतात.

मुलाचं निदान आधी आणि आईवडिलांचं नंतर, असं का होतं?

आनुवंशिक आजार म्हटलं की आधी आईवडिलांना होणार, मग मुलांना, असं वाटतं. निदान मात्र अनेकदा उलट्या क्रमाने होतं. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं कारण म्हणजे काळ. नोरा गथ्री यांच्या वेळी जनुकीय चाचणी नव्हती, मेंदूचा स्कॅन नव्हता. 1993 पर्यंत या जनुकाची थेट तपासणी शक्यच नव्हती.

दुसरं कारण आजारातच आहे. पुढच्या पिढीत जाताना सीएजीची संख्या वाढू शकते, आणि वडिलांकडून येताना ही वाढ जास्त वेळा होते. संख्या जितकी जास्त, तितकी लक्षणं साधारणपणे लवकर येतात. त्यामुळे वडिलांचा थरकाप सत्तरीत सुरू झाला आणि तो ‘म्हातारपण’ म्हणून सोडून दिला, पण मुलाला पस्तिशीतच त्रास सुरू झाला, असं घडू शकतं.

तिसरं कारण मृत्यूचं वय. अपघात, क्षयरोग, बाळंतपण अशा कारणाने आई किंवा वडील लवकर गेले असतील, तर आजार दिसण्याआधीच त्यांचं आयुष्य संपलेलं असतं. घरच्यांच्या मते मग ‘आमच्यात असं कुणालाच नव्हतं’.

‘आमच्यात असं नव्हतं’ या समजाची किंमत वेक्सलर कुटुंबाने मोजली. लिओनोर वेक्सलर यांचे वडील आणि तीन भाऊ हंटिंग्टनचे रुग्ण होते. पण हा आजार फक्त पुरुषांना होतो, असा त्यांचा समज होता. 1968 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये रस्ता ओलांडताना त्यांचा तोल गेला, तेव्हा पोलिसाला त्या सकाळी सकाळी प्यायलेल्या वाटल्या. त्याच वर्षी निदान झालं. आजार स्त्री-पुरुष दोघांनाही होतो आणि आपल्या दोन्ही मुलींवर तेच सावट आहे, हे घरात तेव्हा कळलं.

त्यांची मुलगी नॅन्सी वेक्सलर शास्त्रज्ञ होती. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठी या आजाराची अनेक कुटुंबं राहतात. तिथे वर्षानुवर्षं जाऊन तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने गोळा केले. त्यातून 1983 मध्ये जनुकाचा ठावठिकाणा कळला आणि 1993 मध्ये जनुक सापडलं. नॅन्सी वेक्सलर यांनी 2020 मध्ये, वयाच्या 74 व्या वर्षी, स्वतःलाही हाच आजार असल्याचं जाहीर केलं.

मग आईवडिलांचं निदान चुकलं होतं, असं म्हणायचं का?

इथे तीन वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

निदान शक्यच नव्हतं: ज्या काळात चाचणी नव्हती, त्या काळातल्या डॉक्टरांनी लक्षणं पाहून जवळचं नाव दिलं. ही चूक असली तरी निष्काळजीपणा नव्हे.

निदान अपुरं होतं: ‘हृदयविकाराने गेले’ हे खरंच असतं, पण हृदयविकार चाळिशीतच का झाला, हे कुणी शोधलेलं नसतं.

निदान झालं होतं, पण सांगितलं नाही: कॅन्सर, मानसिक आजार, फिट्स, एचआयव्ही यांबद्दल घरातली मोठी माणसं मुलांसमोर बोलत नाहीत. मुलीच्या लग्नात अडचण नको, हे त्यामागचं नेहमीचं कारण. अशा वेळी डॉक्टर चुकलेले नसतात, माहिती घरातच अडलेली असते.

निदान चुकलं म्हणजे डॉक्टर कायद्याने दोषी, असंही होत नाही. जेकब मॅथ्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये स्पष्ट केलं की, केवळ अंदाज चुकला म्हणून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्या क्षेत्रातला सर्वसाधारण कौशल्याचा डॉक्टर त्या परिस्थितीत काय करेल, हे पाहिलं जातं. ग्राहक आयोगात तक्रारीसाठी साधारण दोन वर्षांची मुदतही असते.

प्रत्येक आजारात असं मागे जाऊन सांगता येतं का?

नाही. स्वतःच्या निदानावरून आईवडिलांबद्दल किती खात्रीने बोलता येईल, हे आजार कसा उतरतो यावर ठरतं.

हंटिंग्टन: इथे दुवा मजबूत आहे. मुलाला आजार असेल आणि आईला तशीच लक्षणं होती, तर आईलाही तोच आजार असण्याची शक्यता खूप मोठी. तरीही अपवाद आहे. सीएजीची संख्या 27 ते 35 असलेल्या व्यक्तीला आजार होत नाही, पण मुलापर्यंत ती वाढून आजाराच्या टप्प्यात जाऊ शकते.

कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक आजार: याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात. साधारण 250 लोकांमागे एकाला तो असतो. जन्मापासून ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, खूप जास्त राहतं. मुलाच्या तिशीत हे निदान झालं, तर 42 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेलेल्या वडिलांकडे पुन्हा पाहायला हवं. ‘टेन्शन घ्यायचे, तंबाखू खायचे’ हे अर्धंच उत्तर असू शकतं. हा आजार औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, त्यामुळे भावंडांची तपासणी जीव वाचवू शकते.

मोडी: हा मधुमेहाचा आनुवंशिक प्रकार आहे. मराठीत ही जुन्या लिपीची ओळख असली, तरी इथे ते इंग्रजी नावाचं लघुरूप आहे. तो एका जनुकातल्या बिघाडामुळे होतो आणि बहुतेकदा पंचविशीच्या आत दिसतो. त्याला टाइप 1 किंवा टाइप 2 समजण्याची चूक सहज होते. त्याच्या काही प्रकारांत इन्शुलिनऐवजी साध्या गोळ्यांनीही साखर आटोक्यात राहते.

थॅलेसेमिया मायनर: ‘आईच्या अंगात रक्तच नव्हतं, आयुष्यभर लोहाच्या गोळ्या घेतल्या’ असं अनेक घरांत ऐकू येतं. मुलीच्या तपासणीत थॅलेसेमिया मायनर निघालं, तर आई किंवा वडील यांच्यापैकी किमान एक जण वाहक असणार, हे जवळपास नक्की. मायनर असणं हा गंभीर आजार नाही. पण पती आणि पत्नी दोघेही मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता 25 टक्के असते.

विल्सन्स डिसीज: यात शरीरात तांबं साचतं आणि यकृत, मेंदू यांना इजा होते. इथे अंदाज हमखास फसतो. हा आजार होण्यासाठी आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. आईवडील सहसा फक्त वाहक असतात. मुलाला विल्सन्स निघाला म्हणून वडिलांची लिव्हरची दुखणीही त्यातलीच, असं म्हणता येत नाही. भावंडांची तपासणी मात्र तातडीने करायला हवी, कारण त्यांना हा आजार असण्याची शक्यता 25 टक्के असते आणि वेळेवर उपचार मिळाले तर तो रोखता येतो.

थायरॉइड, ल्युपस, संधिवात: हे घराण्यात दिसतात, पण एका जनुकावर ठरत नाहीत. इथे ‘आईलाही हेच असावं’ हा अंदाज असतो, पुरावा नाही.

जुने पुरावे कुठे मिळतील?

सगळ्यात आधी अनेकजण मृत्यूचा दाखला काढतात. पण महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण नसतं. ते दाखल्यात उघड करायचं नाही, अशी जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातच तरतूद आहे.

कारण लिहिलेलं असतं ते डॉक्टरांनी भरलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रात. रुग्णालयातल्या मृत्यूसाठी नमुना 4 आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी नमुना 4-अ वापरतात. 2023 च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याची तरतूद झाली. जुन्या मृत्यूंमध्ये घरातल्या फाइलमध्ये एखादी प्रत सापडते का, ते पाहावं लागतं.

त्यातही एक मेख आहे. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ असं लिहिलेलं अनेकदा दिसतं. त्याचा अर्थ हृदय आणि श्वास थांबला. ते मृत्यू येताना प्रत्येकाचंच थांबतं. त्यामागचा आजार कोणता, हे त्यावरून कळत नाही.

रुग्णालयाकडे केस पेपर मागता येतात. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार, दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायच्या असतात आणि अधिकृत मागणी आल्यावर कागदपत्रं 72 तासांत द्यायची असतात. तीन वर्षांनंतर नोंदी मिळतीलच याची खात्री नाही, पण विचारायला हरकत नाही.

कॅन्सरच्या बाबतीत गाठीचा तुकडा मेणात बसवून ‘ब्लॉक’ म्हणून ठेवलेला असतो. तो पॅथॉलॉजी लॅबमध्ये किंवा घरातल्या जुन्या पिशवीतही सापडू शकतो. त्यावर काही वेळा आजही तपासणी होऊ शकते. म्हणून आईवडिलांची फाइल रद्दीत घालण्याआधी दोनदा विचार करावा.

कागद नसतील तर माणसं असतात. मावशी, आत्या, मामा, काका, जुन्या शेजारीण काकू यांना विचारता येतं. विचारताना ‘आईला हंटिंग्टन होता का?’ असं विचारू नये. ‘ती चालायची कशी? हातातून भांडी पडायची का? कोणत्या वयापासून?’ असं विचारावं. लग्नाच्या जुन्या व्हिडिओतली चाल, सही बदललेलं बँकेचं पासबुक, हेही डॉक्टरांना उपयोगी पडतं.

आठवणींवर किती विश्वास ठेवायचा?

निदान हातात आल्यावर भूतकाळातल्या साध्या गोष्टीही लक्षणांसारख्या दिसू लागतात. आई एकदा अडखळली होती, बाबा एकदा उगाच ओरडले होते, सगळं एकाच आजाराच्या माळेत ओवलं जातं. पण ओरडणारा प्रत्येक बाप आजारी नसतो आणि थरथरणारा प्रत्येक हात हंटिंग्टनचा नसतो.

म्हणून डॉक्टर तीन पिढ्यांची वंशावळ काढायला सांगतात. कोण, कोणत्या वयात, कशाने गेलं, लक्षणं कधी सुरू झाली, हे एका कागदावर मांडायचं. जे ऐकीव आहे त्यापुढे ‘ऐकीव’ आणि जे कागदावर आहे त्यापुढे ‘कागद आहे’ असं लिहायचं. जॉर्ज हंटिंग्टनच्या घरात तीन पिढ्यांनी केलं ते साधारण हेच.

मग भावंडांनी लगेच तपासणी करावी का?

हे आजारावर अवलंबून आहे. कोलेस्टेरॉल किंवा विल्सन्समध्ये उपचार आहेत, त्यामुळे उशीर करू नये.

हंटिंग्टनमध्ये परिस्थिती वेगळी आहे. अंगाच्या हालचाली आणि मानसिक त्रास कमी करणारी औषधं आहेत, पण आजार बरा करणारं औषध नाही. त्यामुळे लक्षणं नसलेल्या व्यक्तीने तपासणी करायची की नाही, हा तिचा स्वतःचा निर्णय असतो. आधी जेनेटिक कौन्सेलिंग घ्यावं, असा जगभर संकेत आहे. लक्षणं नसतील तर 18 वर्षांखालील मुलांची तपासणी केली जात नाही. ‘मला कळून घ्यायचं नाही’ असं म्हणण्याचा हक्क भावाला आणि बहिणीलाही आहे. माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी, चाचणीसाठी गळ घालू नये.

पुढे काय झालं?

वुडी गथ्री यांची शेवटची अनेक वर्षं रुग्णालयांतच गेली. 3 ऑक्टोबर 1967 रोजी, वयाच्या 55 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. पहिल्या लग्नापासूनच्या त्यांच्या दोन मुलींनाही हाच आजार झाला आणि दोघी वयाच्या 41 व्या वर्षी गेल्या.

त्यांची दुसरी पत्नी मार्जोरी यांनी 1967 मध्येच या आजाराच्या रुग्णांसाठी संघटना सुरू केली. आज ती हंटिंग्टन्स डिसीज सोसायटी ऑफ अमेरिका या नावाने काम करते. पुढे अमेरिकी सरकारने या आजारावर आयोग नेमला, तेव्हा मार्जोरी त्याच्या अध्यक्ष होत्या आणि नॅन्सी वेक्सलर कार्यकारी संचालक.

नोरा गथ्री यांना याचा काहीच उपयोग झाला नाही. पण वुडी आणि मार्जोरी यांच्या एका मुलीचं नावही नोराच आहे. आजीला गावाने वेडी म्हटलं होतं. नातीच्या पिढीला मात्र ठाऊक होतं की तो एक आजार होता, त्याला नाव आहे आणि तो होण्यात आजीचा काही दोष नव्हता.